पस्तिशीनंतर मूल हवे असताना

खामगावहून चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंद्री हे गाव आहे. सरकारी दप्तराप्रमाणे तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, आणि पीकपाण्याच्या दृष्टीने पाहिले तर सोयाबीन, तूर, हरभरा व कपाशी यांचा मुलूख. अशा गावातील एखादी स्त्री पस्तिशीला पोचल्यावर मुलाची इच्छा धरते, हे एका पिढीपूर्वी कोणी सांगितले असते, तर ऐकणाऱ्याने तिला इतक्या वर्षांची निपुत्रिक समजून हळहळ व्यक्त केली असती. कारण विशीच्या आसपास लग्न, पंचविशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे आणि लगोलग नसबंदीचे ऑपरेशन, हा आपल्या ग्रामीण स्त्रीच्या आयुष्याचा क्रम इतका पक्का झाला होता, की पस्तिशी हे मुलीसाठी स्थळे पाहू लागण्याचे वय मानले जाई. तो क्रम आता मोडला आहे, आणि तो एकाच बाजूने मोडलेला नाही.

डी.एड. किंवा नर्सिंग करून नोकरी लागेपर्यंत थांबलेली मुलगी तिशीत बोहल्यावर चढते. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार तर आता घरोघरची झाली आहे. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेषात जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तो याच दुःखाचा. बुलढाणा जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८५५ होत्या. ज्या मुली त्याआधीच्या वर्षांतही अशाच जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्यांची उणीव आज लग्नाच्या वयाच्या मुलांना भोवते आहे, हे कटू असले तरी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. याखेरीज दुसरेपणाचे लग्न झालेली जोडपी आहेत. पहिल्या मुलानंतर दहा वर्षांनी दुसऱ्याचा विचार करणारी आहेत. कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेला नवरा आणि गावी राहिलेली बायको यांचे संसार आहेत. आणि सर्वांत करुण प्रकार म्हणजे, पंचविशीत ऑपरेशन होऊन पुढे अपघाताने वा आजाराने पोटचे मूल गमावलेल्या माउल्या आहेत. त्यांतल्या कोणीही आता मूल होईल का असा प्रश्न विचारला, तर वडीलधारी मंडळी एकच दिलासा देतात: आमच्या काळी चाळिशीतही पाळणा हलत असे.

हा दिलासा खोटा नाही. सासू आणि सून एकाच घरात, एकाच वर्षी बाळंत झाल्याच्या आठवणी वऱ्हाडात अजून सांगितल्या जातात, आणि जेथे संततिनियमन नव्हते तेथे स्त्रीचे शेवटचे अपत्य सरासरीने चाळिशीच्या सुमारास जन्मत असे, हे लोकसंख्याशास्त्रही मान्य करते. याच जिल्ह्यातील सिंदखेडराजाला, रूढ तिथीप्रमाणे १५९८ साली, जिजाबाईंचा जन्म झाला आणि १६३० साली शिवनेरीवर त्यांच्या पोटी शिवाजी महाराज जन्मले, तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. परंतु वडीलधाऱ्यांच्या या दिलाशात एक मोठा फरक नजरेआड होतो. चाळिशीत बाळंत होणाऱ्या त्या सासूची ती सातवी वा आठवी खेप असे. तिची गर्भधारणक्षमता वीस वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेली असे, आणि जिच्या नळ्यांत वा गर्भाशयात दोष असे, ती या आठवणींच्या यादीत मुळी आलेलीच नसे. पस्तिशीत प्रथमच प्रयत्न करणाऱ्या स्त्रीला आपल्या शरीराचा असा कोणताही पूर्वानुभव नसतो. म्हणून तिने घाबरून जाऊ नये हे जितके खरे, तितकेच तिने निर्धास्तपणे वायदे करीत बसू नये हेही खरे.

वयाचा आणि गर्भधारणेचा संबंध नेमका कोठे येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. सुश्रुताने गर्भोत्पत्तीला चार गोष्टी लागतात असे म्हटले: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज, म्हणजे योग्य काळ, भूमी, पोषक रस आणि बी. शेतकऱ्याच्या मनाला ही उपमा इतकी पटणारी आहे, की तिच्यातून पुढे लोकव्यवहारात स्त्री ही केवळ जमीन आणि पुरुष हा बी पेरणारा, असा समज पक्का झाला. आणि उगवले नाही की जमीन पडीक ठरवायची, हा अन्याय्य निवाडाही त्याबरोबर आला. १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज प्रत्यक्ष पाहिले आणि त्या समजाचा पायाच निखळला. बी दोघांचेही असते. इतकेच नव्हे, तर वयाचा परिणाम ज्यावर सर्वांत अधिक होतो, ते क्षेत्र नसून स्त्रीचे बीजच होय; गर्भाशय चाळिशीतही बहुधा आपले काम नीट करू शकते.

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. स्त्रीचे तसे नाही. ती स्वतः आईच्या उदरात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख, आणि सदतिशीच्या सुमारास पंचवीस हजारांच्या आसपास. एवढ्या प्रचंड संख्येतून संबंध आयुष्यात चारशे-पाचशेच काय ती पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात, आणि या खात्यात नवी जमा कधी होत नाही. तथापि संख्या घटणे ही गोष्ट तितकीशी चिंतेची नव्हे, कारण गर्भाला एकच बीज पुरते. खरी अडचण त्या बीजाच्या आत आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या त्या कणात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या जन्मापूर्वीच एकमेकींना बिलगून, प्रथिनांच्या नाजूक बंधांनी बांधलेल्या अवस्थेत थांबून राहिलेल्या असतात. बीज पक्व होऊ लागले, म्हणजे सूक्ष्म तंतूंची एक चाती तयार होते आणि तिचे धागे प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र एका टोकाला, दुसरे दुसऱ्या टोकाला ओढून घेतात. वीस वर्षे थांबलेले बंध या ओढीपर्यंत शाबूत असतात. अडतीस वर्षे थांबलेले पुष्कळदा आधीच सैल झालेले असतात, आणि मग एखादे गुणसूत्र चुकीच्या बाजूला जाते. अशा बीजापासून झालेला गर्भ बहुधा रुजतच नाही, किंवा रुजून थोड्याच दिवसांत सुटतो. पाळी पाचसहा दिवस पुढे गेली आणि मग जरा जास्तच गेले, एवढेच त्या स्त्रीला कळते. पस्तिशीनंतर गर्भ राहण्यास अधिक महिने का लागतात, गर्भपाताचे प्रमाण चाळिशीनंतर तिघींत एकीपर्यंत किंवा त्याहूनही वर का जाते, आणि डाऊन सिंड्रोमचे मूल होण्याचा संभव पंचविशीत साडेबाराशेत एक असतो तो पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक का होतो, या तिन्ही प्रश्नांचे मूळ या एकाच घटनेत आहे. गर्भ सुटला की शेतात वाकून काम केले, जड उचलले, पपई खाल्ली, अशी कारणे शोधून त्या बाईला दोष देण्याची आपल्याकडील रीत म्हणूनच निर्दय आहे.

आता प्रत्यक्ष संभव किती? पस्तिशीनंतर तीन स्त्रियांपैकी एकीला वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत, असा एक आकडा सर्वत्र फिरत असतो. त्याचा उगम सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समधील चर्चच्या नोंदवह्यांत आहे, ज्या काळी ना औषधोपचार होते, ना गर्भधारणेच्या दिवसांचे ज्ञान. युरोपातील आधुनिक जोडप्यांच्या पाहणीत, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आठवड्यातून निदान दोनदा समागम करणाऱ्या ३५ ते ३९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ८२ जणींना वर्षात गर्भ राहिला. २७ ते ३४ वयोगटात हे प्रमाण ८६ होते. अंतर आहे, पण ते कड्यासारखे तुटलेले नाही. चाळिशीत मात्र उतार खरोखर तीव्र होतो: तिशीत दर महिन्याचा संभव शेकडा वीसच्या आसपास असेल, तर चाळिशीत तो शेकडा पाचाच्या आसपास येतो. आणखी एक सावधगिरी आपल्या देशापुरती आहे. भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीच जाते, पाश्चात्त्य स्त्रीची एक्कावन्नच्या सुमारास. तेव्हा परदेशी आकड्यांवर विसंबताना आपले घड्याळ थोडे पुढे आहे असे धरून चालणे शहाणपणाचे.

रक्तातील ए.एम.एच. या द्रव्याची तपासणी करून किती बीजे शिल्लक आहेत हे सांगण्याची पद्धत आता तालुक्याच्या गावीही पोचली आहे, आणि कमी आकडा पाहून रडत घरी आलेल्या स्त्रिया पुष्कळ. त्यांना सांगितले पाहिजे की, अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या तीस ते चव्वेचाळीस वयाच्या स्त्रियांत, हा आकडा कमी असणाऱ्यांना नैसर्गिक रीत्या गर्भ राहण्याचा संभव इतरांहून कमी आढळला नाही. तो आकडा शिल्लक सांगतो. पुढल्या महिन्याचे बीज चांगले की वाईट, हे सांगत नाही.

मग हाती काय उरते? हाती दिवस उरतात, आणि येथे ज्ञानाचा उपयोग औषधापेक्षा मोठा आहे. जपानमधील क्यूसाकू ओगिनो या डॉक्टरने १९२४ साली सिद्ध केले की, बीज सुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून नव्हे, तर पुढच्या पाळीपासून उलटा मोजावा लागतो; ते साधारण बारा ते सोळा दिवस आधी सुटते. पुढे जगाने या शोधाचा उपयोग गर्भ टाळण्यासाठी केला, परंतु ओगिनोचा स्वतःचा हेतू मूल हवे असणाऱ्यांना साहाय्य करण्याचा होता. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते, त्यावर दुधाचा खाडा आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहिलेली असते. त्याच चौकोनांत पाळीच्या पहिल्या दिवसावर एक खूण करीत गेले, तर तीन-चार महिन्यांत आपले अंतर कळते. अंतर तीस दिवसांचे असेल, तर बीज सोळाव्या दिवसाच्या सुमारास सुटेल. सव्वीस दिवसांचे असेल, तर बाराव्या. पस्तिशीनंतर हे अंतर दोन-तीन दिवसांनी आखडते, हे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि चौदाव्या दिवसाची वाट पाहणारी स्त्री म्हणूनच पुष्कळदा उशिरा ठरते. सुटलेले बीज बारा ते चोवीस तासच टिकते, पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. अर्थात बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढेच सहा दिवस फलदायी. त्या दिवसांत योनिमार्गातून येणारा स्राव बदलतो: एरवीचा दाट, चिकट स्राव कच्च्या अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक होतो आणि दोन बोटांत धरून ताणला, तर न तुटता लांब तार निघते. ही तार दिसणे म्हणजे निसर्गाने स्वतः दिलेला इशारा. पुष्कळ स्त्रिया अंगावरून पांढरे जाते आहे असे समजून त्याच दिवसांत उगाच चिंता करतात. त्या काळात एक दिवसाआड समागम पुरेसा आहे. वीर्य साचवून ठेवण्यासाठी आठ-दहा दिवस दूर राहणे उलट हानिकारक, कारण जुन्या शुक्राणूंची हालचाल मंदावते. तेल किंवा लाळही त्यांना मारक ठरते. आणि ज्या घरचा धनी पोळ्याला नि दिवाळीलाच गावी येतो, त्या घरी दोष कोणाच्याच शरीरात नसून केवळ सहवासाचा असू शकतो, हे डॉक्टरकडे जाण्यापूर्वी स्वतःशीच विचारून पाहावे.

येथवर स्त्रीविषयी लिहिले; परंतु मला सर्वांत आग्रहाने जे सांगायचे आहे ते पुरुषाविषयी आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, आणि तरीही आपल्या भागात आधी सून एकटी दवाखान्याची पायरी चढते, तिची सोनोग्राफी होते, नळ्यांची तपासणी होते, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते, आणि या सगळ्यात तीन-चार वर्षे निघून गेल्यावर कोणी तरी भीत भीत नवऱ्याच्या तपासणीचा विषय काढतो. वास्तविक सर्व तपासण्यांत वीर्यतपासणी हीच सर्वांत स्वस्त आणि वेदनारहित. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभराच्या आत, अंगाच्या उष्णतेइतका उबदार राखून, प्रयोगशाळेत पोचवायचा. उंद्रीहून खामगाव किंवा चिखली गाठायची, एसटीची वाट पाहायची, आणि खिशातली ती डबी शेजारच्याच्या लक्षात येऊ नये म्हणून सदऱ्याच्या आत धरून बसायचे, या संकोचापायीच कित्येक जण मागे फिरतात. म्हणून प्रयोगशाळेतच बंद खोलीत नमुना देण्याची सोय मागावी, ती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मानकाप्रमाणे प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक कोटी साठ लाख शुक्राणू ही किमान पातळी मानतात. पहिला दाखला वाईट आला, तरी तो अखेरचा निकाल नव्हे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने, मागे येऊन गेलेल्या तापाची छाया आजच्या नमुन्यावर पडलेली असू शकते, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते. त्या तीन महिन्यांत तंबाखू, गुटखा आणि दारू सुटली, तर त्याचा लाभ होण्यास पुरेसा अवधी मिळतो.

फवारणीविषयीही एक शब्द. १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका कीटकनाशकाच्या कारखान्यात कामगारांच्याच आपसांतील बोलण्यातून लक्षात आले, की कोणाच्याच घरी मूल होत नाही. तपासणी केली, तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नव्हते. डीबीसीपी नावाचे ते औषध आपल्या कपाशीवर फवारले जाणारे नव्हे; पण यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, तेव्हा या औषधांना अंगावर घेणे किती महागात पडते हे विदर्भाने पाहिले आहे. मूल हवे असलेल्या पुरुषाने हातमोजे, तोंडाला आच्छादन आणि अंगभर कपड्यांवाचून पंप खांद्यावर घेऊ नये; आणि प्रयत्न चालू असलेल्या स्त्रीने त्या दिवशी त्या वावरात जाऊच नये.

पूर्वतयारीची बाकीची कलमे थोडक्यात सांगता येतील. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्यापूर्वी निदान महिनाभर तरी सुरू असावी, कारण गर्भाचा मज्जारज्जू पाळी चुकल्याचे कळेपर्यंत घडू लागलेला असतो. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि रक्तदाब पाहून घ्यावेत. विदर्भात सिकलसेलची तपासणी दोघांनी करावी. क्षयरोग गुपचूपपणे नळ्या बंद करू शकतो, म्हणून घरात कोणाला क्षय झाला असेल, तर ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. ऑपरेशन झालेल्या स्त्रीच्या नळ्या पुन्हा जोडता येतात, परंतु यश नळी किती उरली आहे आणि तिचे वय किती आहे यावर ठरते, आणि नंतर गर्भ नळीतच राहण्याचा धोका असल्याने पाळी चुकताच सोनोग्राफी करावी लागते. हमखास मुलगा होण्याच्या पुड्या मात्र कोणीही दिल्या तरी घेऊ नयेत. हरियाणात अशा औषधांचा अभ्यास झाला, तेव्हा ती घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचे प्रमाण अधिक आढळले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. त्या राज्यात मुलग्याच्या आशेने पस्तिशीनंतर चौथ्या खेपेस उभी केली जाणारी स्त्री अजून आढळावी, ही शरमेची गोष्ट आहे.

प्रयत्नांची मुदत किती धरावी, याबद्दल वैद्यकशास्त्राचे मत निश्चित आहे. पस्तिशीच्या आत एक वर्ष. पस्तिशीनंतर सहा महिने. चाळिशी उलटली असेल, तर न थांबता. या सहा महिन्यांत नवस बोलण्यास कोणाचीही हरकत असू नये. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांना नगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने पुत्र झाले आणि म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपरा आपण आदराने सांगतो. शेगावला दर्शनासाठी जाऊन आलेल्या जोडप्याच्या मनाला जी शांतता मिळते, तीही खोटी नव्हे. फक्त नवसाच्या आणि तपासणीच्या मुदती एकमेकींच्या आड येऊ देऊ नयेत. आणि टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग शेवटी आहेच, असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाल्यापासून ही विद्या पुष्कळ पुढे गेली असली, तरी स्त्रीच्या स्वतःच्या बीजाचे वय कमी करणे तिला अद्याप साधलेले नाही.

ज्यांच्या घरी एवढे करूनही पाळणा हलणार नाही, अशी जोडपी असतील, आणि त्यांतील पुष्कळ जण दत्तकाचा विचार अगदी अखेरीस, पंचेचाळिशी उलटल्यावर करतात. त्यांना एवढेच विनवावेसे वाटते की, त्या वाटेलाही मुदत आहे: २०२२च्या दत्तक नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल, तर पती-पत्नीच्या वयाची बेरीज ८५हून अधिक चालत नाही, आणि नोंदणी केल्यावरही कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून डॉक्टरकडे पहिल्यांदा जाल, त्याच सुमारास घरात हाही विषय मोकळेपणाने बोलून ठेवा.